आशाताईंचा हात

चैताली अकरा महिन्यांची झाली तरी आपली आई नेमकी कोण, हे तिनं अजून नक्की केलेलं नाही, असं रोहिणीला वाटायचं. दूध प्यायला रोहिणी चालायची. पण खिमट भरवायला, न्हाऊ घालायला, पडलं-झडलं की उचलून घ्यायला आणि दुपारी मांडीवर थोपटून घ्यायला आशाताई. आशाताई म्हणजे रोहिणीची मोठी जाऊ. एकच घर, एकच ओसरी आणि मधे एक पातळ भिंत. आशाताईंचा सनी नाशिकला हॉस्टेलवर गेल्यापासून त्यांची मांडी मोकळीच होती, आणि चैतूनं ती मागेपुढे न बघता ताब्यात घेतली होती.

त्या दिवशी रोहिणी साडेबाराला पॉलिहाऊसमधून घरी आली. घामानं ब्लाउज पाठीला चिकटलेला, बोटं टोमॅटोच्या पानांनी हिरवी-पिवळी झालेली. चैतू आशाताईंच्या कडेवर होती. रोहिणीनं हात पुढे केले.

"ये गं माझी राणी, ये."

चैतूनं तिच्याकडे पाहिलं. मग त्या हातांकडे पाहिलं. आणि सावकाश, अगदी विचार करून, तोंड फिरवून आशाताईंच्या मानेत खुपसलं.

"ओळखलं नाय का गं आईला?" आशाताई हसल्या. "टमाट्याचा वास येतोय ना तिच्या अंगाला! आता टमाट्यांचीच आई झालीय ती."

जेवायला बसलेला रोहिणीचा नवरा प्रफुल्ल हसला, त्याचे थोरले भाऊ नवनाथदादा हसले. रोहिणीही हसली. मग न्हाणीत जाऊन तिनं तीन वेळा साबण लावून हात धुतले, आणि चौथ्यांदा वास घेतला तर अजून येतच होता.

पॉलिहाऊस तिचंच. निफाडच्या अलीकडे त्यांच्या शिवारात जिकडे बघावं तिकडे द्राक्षं; दादांची बागही द्राक्षांचीच. प्रफुल्लची एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटी नोकरी, पाळ्या बदलत्या. मधली दहा गुंठे पडीक जागा रोहिणीनं मागून घेतली होती. पाच दिवसांचं प्रशिक्षण केलं, एक दोनशे पानी वही भरून आणली आणि अठरा बेड चेरी टोमॅटो लावले. बोराएवढी लाल फळं, गंगापूर रोडच्या हॉटेलांना जाणारी. लावणीच्या दिवशी तिच्या पोटात चैतू नव्हती, कडेवर होती. दोघी मिळून रोपं लावतोय असं तिला वाटलं होतं. पण आत उकाडा, फवारणीचा वास, लहान पोराला नेणार कसं? आणि खरी गोम पुढेच होती. बंद घरात वारा नाही, मधमाशी नाही. फूल उमलतं आणि तसंच गळून पडतं. म्हणून रोज सकाळी दहा ते बारा, परागकण कोरडे असतात तेव्हा, वरून सोडलेली एकेक सुतळी टिचक्या मारून हलवायची. एकेका झाडाची. एकही दिवस चुकवायचा नाही.

आणि दहा ते बारा हीच चैतूची उठायची, खायची, खेळायची, हसायची वेळ. दिवसभरातले सगळ्यात गोड दोन तास पोरगी आशाताईंची असायची, आणि रोहिणीच्या वाट्याला यायची ती दमलेली, किरकिरी, डोळे चोळणारी.

"अगं, बरंच आहे की," प्रफुल्ल म्हणायचा. "घरचं माणूस बघतंय. लोकांना पाळणाघरात ठेवावी लागतात."

हे खरं होतं म्हणूनच तिला काही बोलता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "ताई, आजपासून पॉलिहाऊस तुम्ही बघा."

आशाताईंनी कप खाली ठेवला. "मी? मला काय येतंय त्या प्लॅस्टिकच्या घरातलं?"

"शिकवते ना. काही अवघड नाही."

"आणि चैतू?"

किती पटकन विचारलं! रोहिणीच्या छातीत बारीक काटा गेला. "चैतूला मी आहे ना."

"हां, ते तर हायच," आशाताई म्हणाल्या आणि उरलेला चहा एका घोटात संपवला. तोंड पोळलं असणार.

रोहिणीनं वही घेतली आणि त्यांना सगळं नीट दाखवलं. फूट कुठली खुडायची, कुठली ठेवायची. शेंडा सुतळीला कसा, कुठल्या बाजूनं गुंडाळायचा. खालची पानं कधी काढायची. टिचकी किती जोरात. वहीतल्या ओळी ती एकामागून एक वाचत गेली आणि आशाताई शाळेतल्या पोरीसारख्या मान हलवत गेल्या. सातव्या ओळीवर रोहिणी थांबली.

'तंबाखूच्या हातानं झाडाला शिवू नये. हात आधी साबणानं धुऊन पातळ दुधात बुडवावेत. तंबाखूतून मोझॅक रोग येतो. त्याला औषध नाही.'

आशाताई मशेरी लावायच्या. रोज सकाळी न्हाणीच्या मागं, पदर ओढून, डबीतून काढलेली काळी पूड उजव्या बोटानं दातांवर. शेजारच्या कलाबाई त्यांना ती डबी गुपचूप आणून द्यायच्या. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. थोरल्या जावेच्या मशेरीबद्दल धाकटीनं तोंड उघडायचं नसतं. आशाताई न्हाणीमागून आल्या की रोहिणी दुसरीकडे बघायची, हाच तिचा मान ठेवणं. आता ते कसं बोलणार? ताई, तुमचं ते बोट?

तिनं पान उलटलं आणि आठवी ओळ वाचली.

त्या दिवशी ते निव्वळ संकोचानं झालं. एवढं तरी तिच्या बाजूनं म्हणता येईल.

घरी काही रोहिणीनं ठरवल्यासारखं झालं नाही. दहा वाजले की चैतू रांगत उंबऱ्यापर्यंत जायची आणि तिथं बसून राहायची. खुळखुळा वाजवला, तिनं पाहिलं नाही. काऊचं गाणं म्हटलं, रडली. खिमट भरवलं तर थुंकून टाकलं. नंतर कळलं, आशाताई त्यात जिरं भाजून घालायच्या आणि भरवताना तिच्या कानाची पाळी चोळत राहायच्या. हे रोहिणीला आशाताईंनी सांगितलं नाही. तिनं विचारलंच नव्हतं. एके दिवशी दुपारी दारातूनच बघून तिला समजलं. आपल्याच पोरीच्या कानाची गोष्ट आपल्याला दुसऱ्याकडून चोरून शिकावी लागते, याचं तिला असं काही वाटलं, की तिनं कान चोळला नाही तो नाहीच.

आणि पॉलिहाऊस? तिला वाटलं होतं, आशाताई चार दिवसांत कंटाळतील. पण दहाव्या दिवशी प्रफुल्ल तिकडून एक घोस हातात घेऊन आला.

"हे बघ. मोज."

रोहिणीनं मोजलं नाही. लांबूनच दिसत होतं.

"पंधरा! तुझ्या वेळी नऊ, दहा असायचे ना? वहिनीच्या हाताला काय गुण आहे राव. टिचक्या मारत नाही त्या, तारा छेडल्यासारखं करतात सगळ्या सुतळ्यांना. आणि तोंडानं बोलतायत झाडांशी. 'चल बाई, उठ, ऊन झालं.'"

"झाडं मी लावलीत," रोहिणी म्हणाली.

"हो गं, पण..." प्रफुल्ल म्हणाला आणि घोस धुवायला मोरीकडे गेला.

तो 'पण' रोहिणीला दिवसभर पुरला. पोरगी घेतली, आता झाडंही घेतली. मी कशाला हात लावला की ते गळून पडतं आणि यांनी लावला की धरतं. आशाताईंनी काही घेतलं नव्हतं, तिनंच उचलून दिलं होतं, हे तिला कळत होतं. पण जे कळतं आणि जे जळतं त्यांच्या जागा वेगळ्या असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात चैतूला घेऊन उभी होती. आशाताई न्हाणीमागून आल्या त्या थेट पॉलिहाऊसच्या वाटेला लागल्या. उशीर झाला होता, हात विसळायचे राहिले होते. उजव्या हाताचं पहिलं बोट शेवटच्या पेरापर्यंत काळं. रोहिणीला ते स्पष्ट दिसलं. सातवी ओळ तिच्या जिभेवर आली, अगदी टोकापर्यंत.

"ताई..."

आशाताई वळल्या. त्यांना बघताच चैतूनं रोहिणीच्या कडेवरून अंग झोकून दिलं, दोन्ही हात पसरून, किंचाळून, आता पडते की काय अशी.

"आले गं माझी बाय, दुपारी येते तुझी मोठी आई," आशाताईंनी लांबूनच तिला पापा दिला. "काय गं रोहिणी? काय म्हणत होतीस?"

"काही नाही," रोहिणी म्हणाली. "जाऊन या."

आणि त्या गेल्या. यावेळी संकोच नव्हता. यावेळी तिला ठाऊक होतं आपण काय करतोय.

पंधरा-सोळा दिवसांनी आशाताई सकाळी अकरालाच परत आल्या. तोंड उतरलेलं. हातात दोन पानं.

"रोहिणी, हे बघ गं जरा. तिसऱ्या बेडची हायत. अशी का झाली?"

पानांवर फिकट आणि गडद हिरव्या रंगाची ठिगळं पडली होती, जुन्या गोधडीसारखी. शेंड्याचं पान तर चिंचोळं होऊन वळलेलं. रोहिणीला वही उघडायची गरज नव्हती.

"पाणी कमी पडलं असेल," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"नाय. पाणी बरोबर हाय." आशाताईंनी आजूबाजूला बघितलं, मग खाली वाकून अगदी हळू म्हणाल्या, "तुला म्हणून सांगते. मागं मला अडचण होती, पाळीची. तरी मी गेले आत. म्हटलं, एवढं शिकलेलं ते शेत, त्याला काय त्याचं. आमची आई अशा वेळी वांग्याच्या झाडाजवळून जाऊ द्यायची नाय. मी गेले. माझ्याच हातानं झालं बघ हे."

हे असं काही नसतं, ताई. एवढं म्हणायला किती वेळ लागतो? रोहिणी कृषी प्रशिक्षण घेतलेली बाई, बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरात वाढलेली, पाळीच्या दिवसांत आपल्या माहेरी कधी बाजूला न बसलेली. ती गप्प राहिली. आशाताईंनी पानं पदरात गुंडाळली.

"मी आता नाय जायची आत. आणि चैतूला पण नाय घेणार थोडे दिवस. माझा हातच नको कशाला."

म्हणजे रोहिणीला जे हवं होतं ते सगळं, एका सकाळी, मागितल्याशिवाय.

पाच दिवस चैतू तिची एकटीची होती. रोहिणी आता सकाळी लवकर, चैतू उठायच्या आत पॉलिहाऊसला जाऊन यायची. तिसरा बेड सोडून बाकीच्यांना घाईघाईत टिचक्या मारायची, परागकण ओले असले तरी. दहाला घरात. चैतू उंबऱ्यात जाऊन बसायची. आशाताई आपल्या दाराआड दळण निवडत राहायच्या, नाहीतर मागच्या अंगणात उन्हात पाठ करून. ओसरीवर यायच्याच नाहीत. एरवी ज्यांच्या बोलण्यानं ओसरी भरलेली असायची त्या हाक मारली की फक्त 'ओ' म्हणायच्या.

तिसरा बेड पूर्ण गेला. मग चौथ्यातही ठिगळं दिसली.

सहाव्या दिवशी चैतू उंबरा ओलांडायला गेली आणि डोक्यावर पडली. फार नाही, पण फरशीवर कपाळ आपटल्याचा आवाज आला. रोहिणी आत गॅसजवळ होती, ती धावली. पण आशाताई तिच्याआधी पोचल्या होत्या. ओसरीच्या पलीकडून कधी उठल्या, कशा आल्या कुणास ठाऊक. त्या वाकल्या, हात खाली गेले, चैतूनं रडत रडत दोन्ही मुठींनी त्यांचा पदर धरला. आणि तेवढ्यात आशाताईंनी हात मागे ओढले. नुसते ओढले नाहीत; पदराखाली लपवले. विस्तवाजवळून ओढावेत तसे. पोर खाली रडत होतं आणि ती बाई आपलेच हात त्याच्यापासून लपवत उभी होती.

"घे गं तिला," त्या रोहिणीला म्हणाल्या. "लवकर घे."

रोहिणीनं चैतूला उचललं. कपाळावर टेंगूळ येत होतं. ती तिथंच ओसरीवर बसली.

"ताई, पाळीनं काही झालेलं नाही."

"आगं, तू कशाला..."

"मशेरीनं झालंय."

चैतू क्षणभर रडायची थांबली.

"तंबाखूत रोग असतो. हाताला लागतो, हातातून झाडाला. हात धुऊन दुधात बुडवायचे असतात. वहीत लिहिलेलं आहे. सातवी ओळ." तिनं एका दमात सांगून टाकलं. "मी ती तुम्हाला वाचून दाखवली नाही."

आशाताईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्यांनी पहिल्यांदा जे विचारलं ते रोहिणीच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"मशेरीचं... कुणाकुणाला ठाऊक हाय?"

"सगळ्यांना, ताई."

"ह्यांना पण?"

"कलाबाईंना डबी कोण आणून देतं, विचारा की एकदा. दादाच आणतात निफाडहून. म्हणतात, तिला कळू देऊ नका, लाजेल."

"अगं आई!" आशाताई मटकन खाली बसल्या. "बावीस वर्षं मी न्हाणीमागं पाय अवघडून बसते!"

दुसरी वेळ असती तर दोघी पोट धरून हसल्या असत्या. आता कुणी हसलं नाही. आशाताईंनी पदर सारखा केला आणि आवाज बदलून विचारलं, "पहिल्या दिवशी का नाय सांगितलंस?"

"लाज वाटली. तुम्ही मोठ्या."

"ठीक हाय. आणि नंतर? नंतर बघितलंस ना माझं बोट? त्या दिवशी हाक मारलीस, ते तेच होतं ना?"

रोहिणीनं मान हलवली.

"मग?"

"चैतूनं तुमच्याकडे झेप घेतली," रोहिणी म्हणाली. पुढचे शब्द तिला एकेक करून बाहेर काढावे लागले. "माझ्याकडे ती कधीच अशी येत नाही. आणि झाडांनीही तुमचंच ऐकलं. मला वाटलं, एकदा तरी तुमच्या हातून काहीतरी बिघडू दे."

आशाताई रडल्या नाहीत.

"मी पाच दिवस पोरीला शिवले नाय," त्या म्हणाल्या. "पाच दिवस. मला वाटलं माझ्यातच काय तरी वाईट हाय. उद्या हिला पण काय झालं तर? रात्री उठून बसायचे मी. भिंतीला कान लावून ऐकायचे, श्वास नीट घेतेय का. आणि तू पलीकडं सगळं ठाऊक असून झोपत होतीस."

"नव्हते झोपत."

"ते तुझं तू बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रफुल्लला आणि दादांना रोहिणीनंच सांगितलं, चहाच्या वेळी, उभ्यानं. मशेरीचं नाव काढलं नाही, 'रोगाचं ठाऊक असून मी लक्ष दिलं नाही' एवढंच म्हणाली. दादांनी आशाताईंकडे एकदा पाहिलं आणि बशीत तोंड घातलं. प्रफुल्ल काहीतरी बोलायला गेला, पण आशाताई मधेच म्हणाल्या, "बोलायचं काय त्यात? उपटायचे किती बेड, ते सांग."

तिसरा आणि चौथा पूर्ण, पाचव्यातली चार झाडं. रोगट झाड तसंच ओढायचं नाही, शेजारच्याला घासू न देता जागच्या जागी पोत्यात घालायचं. दादा चैतूला घेऊन बाहेर बाभळीखाली बसले आणि दोघी जावा आत शिरल्या. रोहिणी सुतळी कापायची, आशाताई पोतं धरायच्या. झाडांवर पंधरा-पंधरा फळांचे घोस होते, निम्मे लाल झालेले. ते पोत्यात जाताना आशाताईंचे ओठ हलत होते. झाडांशी बोलत होत्या की रोहिणीला शिव्या देत होत्या, कळत नव्हतं. तिच्याशी मात्र त्या एक शब्द बोलल्या नाहीत. चुकून हाताला हात लागला तर पोतं दुसऱ्या बाजूनं धरायच्या.

दहा वाजले आणि बाहेर चैतूनं सूर लावला. आधी कुरकूर, मग मोठ्यानं. दादांचा 'अरे अरे, हे बघ चिमणी' ऐकू येत होता आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता, हेही ऐकू येत होतं. दोघींचे हात एकाच वेळी थांबले. आशाताईंची मान दाराकडे वळली होती. रोहिणीनं ते पाहिलं आणि तिला पुन्हा तोच जुना चटका बसला, इतकं सगळं होऊनसुद्धा. तो काही गेला नव्हता. कबुली दिल्यानं जाईल असं तिला उगाच वाटलं होतं.

तिनं कात्री खाली ठेवली, बाहेर गेली, हात घासून धुतले, चैतूला घेतलं आणि परत दाराशी आली. आत नेता येत नव्हतं म्हणून जाळीच्या पडद्याबाहेरच उभी राहिली.

"ताई," ती म्हणाली, "तुम्हीच घ्या हिला. तिला तुम्ही हव्यात."

हे म्हणताना तिला वाटलं, आता आशाताई येतील, हात पुढे करतील, आणि सगळं नाही तरी थोडं पूर्वीसारखं होईल.

आशाताईंनी पोत्याचं तोंड बांधलं. गाठ पक्की केली. मग उभ्या राहून कमरेवर हात ठेवला.

"आज नाय घ्यायची मी," त्या म्हणाल्या. "मला नको असं नाय. पण आज नाय. तू दिलीस की घ्यायची, तू म्हणालीस की सोडायची, मी काय भाड्याची हाय का? आज रडू दे तिला. तू पण रड हवं तर. माझी अजून चार झाडं व्हायचीत."

आणि त्या पाचव्या बेडकडे गेल्या.

चैतू रडत राहिली. रोहिणीच्या खांद्यावरून हात काढून जाळीकडे, त्या हिरव्या अंधुक आकाराकडे झेपावत राहिली. रोहिणीनं कुठलं गाणं म्हटलं नाही, चिमणी दाखवली नाही. हळूच तिच्या कानाची पाळी दोन बोटांत धरली आणि चोळायला लागली, आशाताई चोळायच्या तशी. हात नवखा होता, चैतूनं आधी डोकं झटकलं. बऱ्याच वेळानं रडण्यातला जोर गेला, हुंदके उरले, आणि पोरीनं डोकं तिच्या खांद्यावर टाकलं. तोंड मात्र जाळीकडेच होतं. डोळे मिटत नव्हते.

रोहिणी तिला घेऊन घराकडे वळली असती तर चैतूला तिकडचं काही दिसलं नसतं. एक पाऊल तिनं उचललंही. मग ती थांबली, होती तिथंच जरा फिरून उभी राहिली, पोरीला आत वाकलेल्या आशाताई नीट दिसतील अशी. ऊन डोक्यावर येत होतं. हात भरून आला तेव्हा तिनं फक्त कड बदलली, आणि चैतूचं तोंड पुन्हा तिकडेच राहील असं बघितलं.